ताऱ्याचा गाभा आकसतो, मग त्याची गिरकी जाते कुठे?

प्रश्न पेंचला निघाला. हिवाळ्यातली आकाशदर्शनाची रात्र होती, नागपूरहून आम्ही तीसेक जण सिल्लारीला गेलो होतो. पेंचचा हा महाराष्ट्रातला भाग २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. शहरात जी कृत्तिका डोळे ताणूनही धड दिसत नाही, ती तिथे मोजून दाखवता येते. रोहिणी डोक्यावर आली होती. हा सूर्याच्या सुमारे ४५ पट व्यासाचा फुगलेला म्हातारा तारा आहे, असं मी सांगत होतो. तेव्हा एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, आणि दोन दिवसांनी लिहूनही पाठवलं :

“सर, तारा म्हातारा होताना त्याचा गाभा आकसतो. अँग्युलर मोमेंटम कायम राहतो. म्हणजे गाभा प्रचंड वेगाने फिरायला पाहिजे. पण मी वाचलं की अशा ताऱ्यांचे गाभे अंदाजापेक्षा शेकडो पट सावकाश फिरतात. मग नियम मोडतो का? मोडत नसेल तर तो मोमेंटम जातो कुठे?”

त्या रात्री थंडीत कुडकुडत दिलेलं उत्तर अपुरं होतं. वीस वर्षं मी ताऱ्यांची संगणकावर प्रतिरूपं बांधतोय आणि त्यातली बरीचशी वर्षं याच प्रश्नात गेली आहेत, म्हणून आता नीट लिहितो.

नियम कुठेही मोडत नाही. कोनीय संवेग, म्हणजे तुझा अँग्युलर मोमेंटम, गाभ्यातून वरच्या थरांकडे जातो, आणि जो पृष्ठभागापर्यंत पोचतो त्यातला काही ताऱ्यावरून सतत वाहणाऱ्या वाऱ्याबरोबर अवकाशात निघून जातो. इतकं मोजून सिद्ध झालेलं आहे. त्याला गाभ्यातून वर कोण वाहून नेतं, यावर मात्र अजून एकमत नाही.

तुझ्या प्रश्नात एक गृहीत लपलेलं आहे, ते आधी बाहेर काढू. फिरत्या स्टुलावर बसून, हातात डंबेल्स घेऊन, हात जवळ ओढले की वेग वाढतो, हे प्रात्यक्षिक तू केलं असशील. तिथे स्टुलाचं बेअरिंग चांगलं असतं, आजूबाजूला फक्त हवा असते, म्हणून संवेग तुझ्यापाशीच राहतो. ताऱ्याच्या गाभ्याला असं बेअरिंग नाही. त्याला चारही बाजूंनी चिकटून वरचा थर आहे, त्याला चिकटून त्याच्या वरचा. नियम सांगतो की सगळ्या ताऱ्याची बेरीज कायम राहील. प्रत्येक थराचा हिस्सा त्या थराकडेच राहील, असं तो कुठेही म्हणत नाही. आपण ते मनातल्या मनात धरून चालतो, कारण गणित सोपं होतं.

हे गृहीत किती चुकतं ते कागदावर पाहा. सूर्याचं जवळपास अर्धं वस्तुमान आतल्या पाव त्रिज्येत आहे, म्हणजे साधारण पावणेदोन लाख किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात. हा भाग आज २७ दिवसांच्या आसपास एक फेरी घेतो असं धरू. पुढे कधीतरी त्याचा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपून आकसलेला तारा होईल, पृथ्वीपेक्षा थोडा मोठा, समजा ९ हजार किलोमीटर त्रिज्येचा. त्रिज्या सुमारे वीस पट घटली की वेग वीसच्या वर्गाने, म्हणजे ४०० पट वाढायला हवा. २७ दिवसांचे तास ६४८, भागिले ४००. उत्तर येतं दीड-पावणेदोन तास. आता प्रत्यक्षातला आकडा. केप्लर दुर्बिणीने ज्या श्वेत बटूंची कंपनं टिपली, त्यांतल्या नेहमीच्या वजनाच्या ताऱ्यांचा सरासरी परिवलनकाळ २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला : ३५ तास. वीस पटीची तफावत, आणि तीही आपण सूर्यासारखा आधीच मंदावलेला गाभा धरून सुरुवात केली तेव्हा. जे तारे जन्मापासून वेगाने फिरतात त्यांच्यासाठी हीच तफावत आणखी मोठी येते.

आता एक प्रयोग सांगतो. घरी करण्यासारखा आहे, आणि माझ्या मते या विषयाचं मर्म त्यात आहे.

बर्डीवरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून मी एक रेकॉर्ड प्लेअर आणला होता, मिनिटाला ३३ फेऱ्यांचा. त्याच्या तबकडीवर बरोबर मध्यभागी काचेचं एक गोल, सपाट बुडाचं भांडं ठेवलं, १४ सेंटिमीटर व्यासाचं. त्यात ८ सेंटिमीटर पाणी. पाण्यावर कागदाचे बारीक कपटे टाकले, बुडाशी पोटॅशियम परमँगनेटचे तीन-चार खडे सोडले. पाणी पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबलो, मग तबकडी चालू केली. भांडं लगेच फिरायला लागतं, पाणी मात्र जागच्या जागी. कडेचे कपटे आधी हलतात, मधले तसेच उभे. आता विचार कर, भांड्याच्या भिंतीची ओढ मधल्या पाण्यापर्यंत पोचायला किती वेळ लागावा? एकमेकांवर घासणाऱ्या थरांच्या, म्हणजे श्यानतेच्या हिशेबाने पंधरा-वीस मिनिटं. मी घड्याळ लावून बसलो होतो. दीड-दोन मिनिटांत मधला कपटासुद्धा भांड्याबरोबर फिरत होता.

बुडाकडे पाहिलं तर कारण दिसतं. खड्यांपासून निघालेल्या जांभळ्या रेघा आधी बुडावरून वळणं घेत बाहेर सरकतात, कडेला पोचतात आणि भिंतीलगत वर चढतात. बुडाशी टेकलेला पाण्याचा पातळ थर तबकडीबरोबर फिरायला लागतो, बाहेर फेकला जातो, आणि त्याची जागा घ्यायला मधलं पाणी खाली येतं. एक मंद अभिसरण सुरू होतं. संवेग थरांच्या घर्षणाने झिरपत बसत नाही, फिरणाऱ्या पाण्याबरोबर थेट पोचवला जातो. घर्षणाचा हिशेब चुकीचा नव्हता. आपण विचारात न घेतलेला दुसराच एक वाहक काम करत होता.

ताऱ्यातही हाच मुद्दा आहे, फक्त आकडे डोकं फिरवणारे आहेत. ताऱ्याच्या आतल्या वायूची श्यानता दर सेकंदाला काही चौरस सेंटिमीटर ते काही दहा चौरस सेंटिमीटर. पाण्याची ०.०१ च्या आसपास, म्हणजे पाण्याहून ती बरीच जास्त. पण अंतर पाच लाख किलोमीटरचं. ढोबळ काळ काढायला अंतराचा वर्ग भागिले श्यानता, आणि उत्तर १० लाख कोटी वर्षांच्या घरात. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. नुसत्या घर्षणावर सोडलं तर ताऱ्याच्या गाभ्याला वरच्या थराची खबरही लागणार नाही. म्हणून जुन्या लोकांनी प्रत्येक थर आपला संवेग आपल्यापाशी ठेवतो असं धरलं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

मग अभिसरण? ताऱ्यात तेही आहे. फिरणारा तारा विषुववृत्तावर फुगतो, तिथलं गुरुत्व कमी पडतं, ध्रुव जास्त तापतात. या असमतोलातून आत मंद प्रवाह सुरू होतात, ही कल्पना १९२० च्या दशकातली. श्रवण तारा हा याचा प्रत्यक्ष दाखला. तो दहा तासांच्या आत एक फेरी घेतो आणि विषुववृत्तावर वीस-पंचवीस टक्के जास्त रुंद आहे. २००७ मध्ये त्याच्या पृष्ठभागाची प्रतिमा मिळाली तेव्हा ध्रुव तेजस्वी आणि कंबर अंधुक दिसली. पण असे प्रवाह वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यातच कामाचे. सूर्यासारख्या सावकाश ताऱ्यात त्यांना एक वळसा घ्यायला ताऱ्याच्या आयुष्याहून जास्त वेळ लागतो.

आणि एक मोठा अडसर आहे. ताऱ्याचा जो भाग उकळत नाही, जिथून उष्णता फक्त प्रारणाने वर जाते, तिथे वायू खाली-वर हलायला अजिबात तयार नसतो. रश्शावर तर्री तरंगते, तसं डोळ्यांसमोर आण. पळीने तर्री आडवी कितीही फिरव, ती सहज सरकते. तिला खाली दाबलं की ती पुन्हा वर येते. ताऱ्यात हलका थर वर, जड थर खाली, अशी ही रचना असते. त्यात गाभ्याभोवती हेलियमचा साठा वाढत गेला की तिथली सीमा आणखी कडक होते. आडव्या हालचाली मोकळ्या आणि उभ्या जवळपास बंद, म्हणून एका खोलीवरचा सगळा थर एकाच वेगाने फिरतो आणि वेगवेगळ्या खोलीचे थर वेगवेगळ्या वेगाने, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे, हे चित्र झाँ-पॉल झान यांनी १९९२ मध्ये मांडलं. पुढची वीस वर्षं बहुतेक प्रतिरूपं त्यावर बांधली गेली. माझीही.

हे चित्र पहिल्यांदा अडखळलं ते सूर्यावर. सूर्य सतत थरथरतो, त्याची मुख्य कंपनं पाच मिनिटांच्या आसपासची. पृथ्वीच्या पोटातलं जसं भूकंपलहरींवरून कळतं, तसं सूर्याच्या पोटातलं या कंपनांवरून. त्यासाठी जगभर सहा ठिकाणी सारख्या दुर्बिणी बसवल्या आहेत, त्यांतली एक उदयपूरला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शशिकुमार चित्रे आणि एच. एम. अँटिया यांनी सर्वाणी बसूंसोबत याच कंपनांवरून सूर्याच्या आतलं परिवलन काढण्याचं मोलाचं काम केलं. निघालं ते असं : बाहेरचा तीस टक्के त्रिज्येचा उकळता पट्टा विषुववृत्तावर सुमारे २५ दिवसांत आणि ध्रुवांकडे त्याहून आठ-दहा दिवस जास्त घेऊन फिरतो. त्याच्या खाली एक पातळसा संक्रमण थर, टॅकोक्लाइन. आणि त्याच्या खालचा सगळा भाग, निदान केंद्रापासून एक पंचमांश त्रिज्येपर्यंत, एखाद्या घन गोळ्यासारखा एकाच वेगाने फिरतो.

पापुद्र्यांच्या प्रतिरूपांनुसार सूर्याचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा कितीतरी वेगाने फिरायला हवा होता. तो फिरत नाही. अगदी केंद्राजवळचं अजून हाती नाही. तिथलं सांगतील ती कंपनं पृष्ठभागावर फार क्षीण येतात. केंद्र चौपट वेगाने फिरतं असा एक दावा २०१७ मध्ये झाला, पण दुसऱ्यांनी तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा तो टिकाव धरेना.

तरी सूर्य एकच होता, आणि एकाच ताऱ्यावरून किती बोलायचं, असं म्हणायला जागा होती. ती जागा केप्लरने संपवली.

केप्लर दुर्बीण २००९ मध्ये ग्रह शोधायला गेली. चार वर्षं ती आकाशाच्या एकाच तुकड्याकडे टक लावून होती, दर अर्ध्या तासाला तेज मोजत. त्या तुकड्यात हजारो तांबडे राक्षसी तारे होते. असा तारा साधारण दीड ते तीन तासांच्या आवर्तनाने थरथरतो. त्यातली काही कंपनं बाहेरच्या आवरणात ध्वनीसारखी असतात, काही गाभ्यात उत्प्लावक बलावर चालणाऱ्या गुरुत्व लहरींची. (आइनस्टाइनच्या गुरुत्वीय लहरी वेगळ्या, त्यांचा इथे संबंध नाही.) फुगलेल्या ताऱ्यात या दोन्हींच्या वारंवारता एकमेकींजवळ येतात आणि त्या जोडल्या जातात. या मिश्र कंपनांचं एक पाऊल गाभ्यात आणि दुसरं पृष्ठभागावर असतं. सूर्य आपल्या गाभ्याचं जे सांगत नाही, ते हे तारे सांगतात.

परिवलन कसं दिसतं? तारा फिरत नसता तर कंपनाची एक रेघ मिळाली असती. तो फिरतो, म्हणून फिरण्याच्या दिशेने जाणारी लहर आणि उलट जाणारी लहर यांच्या वारंवारता वेगळ्या पडतात आणि एका रेघेच्या तीन होतात. पहिल्यांदा अशी तिहेरी रेघ मी स्वतः काढलेल्या आलेखात पाहिली, ती रात्र मला अजून आठवते. एप्रिलचा शेवट होता, कूलर घरघरत होता, आणि पडद्यावर तीन काड्या, मधली थोडी बुटकी, दोन्ही बाजूंचं अंतर सारखं. मी ते अंतर पुन्हा पुन्हा मोजलं. सुमारे ०.४ मायक्रोहर्ट्झ (एक मायक्रोहर्ट्झ म्हणजे दहा लाख सेकंदांत एक आवर्तन). गाभ्यातल्या अशा कंपनांसाठी हे अंतर परिवलनाच्या वारंवारतेच्या निम्मं असतं. म्हणजे परिवलन ०.८ मायक्रोहर्ट्झ, म्हणजे साडेचौदा दिवसांना एक फेरी. हजारो प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्याचा गाभा, जिथून प्रकाशाचा एक कणही थेट बाहेर येत नाही, तो साडेचौदा दिवसांत एक गिरकी घेतो, हे धरमपेठेतल्या एका खोलीत बसून कळतं. मला अजूनही हे साधं वाटत नाही.

प्रत्येक ताऱ्यात तीन रेघा मिळतील असं समजू नकोस. अक्ष आपल्याकडे रोखलेला असेल तर फक्त मधली दिसते, मग परिवलन मोजताच येत नाही. तारा बाजूने दिसत असेल तर मधली गायब आणि दोन्ही कडेच्या उरतात. अक्ष मधल्या कोनात असेल तर तिन्ही. नवशिके दोन रेघांना दोन वेगळी कंपनं समजतात आणि तिथून पुढचं सगळं चुकत जातं.

२०१२ मध्ये असे पहिले तीन तारे प्रसिद्ध झाले : गाभा आवरणापेक्षा निदान दहा पट वेगाने फिरतो. ऐकायला ते मोठं वाटलं. पण झानच्या पद्धतीची प्रतिरूपं त्याच ताऱ्यांसाठी चालवली, तर गाभ्याचा वेग मोजलेल्याच्या शंभर ते हजार पट येत होता. तू वाचलेले ‘शेकडो पट’ ते हेच. पुढे आठशेहून जास्त ताऱ्यांचे गाभे मोजले गेले, आणि २०१८ मध्ये त्यातून जे निघालं ते मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तारा जसजसा फुगत जातो, गाभा आकसत जातो, तसतसा गाभ्याचा वेग वाढतच नाही, जवळपास तसाच राहतो. म्हणजे आकसण्याने जेवढा वेग वाढायला हवा, तेवढा संवेग त्याच सुमारास वर उचलला जातो. पाणी भरत्या वेगानेच बाहेर जात असेल तर टाकीची पातळी हलत नाही, तसं. पुढे हेलियम पेटल्यावर तर हे गाभे आणखी मंद, शंभर दिवसांच्या घरात एक फेरी घेणारे.

मग वाहक कोण?

जिनिव्हाच्या गटाने २०१२ मध्ये एक प्रामाणिक हिशेब केला. कारण बाजूला ठेवू, म्हणाले, किती जादा श्यानता घातली तर हे तारे जुळतात ते तरी पाहू. केप्लरच्या यादीतल्या केआयसी ८३६६२३९ या राक्षसी ताऱ्यासाठी उत्तर आलं दर सेकंदाला सुमारे ३० हजार चौरस सेंटिमीटर. वर सांगितलेल्या नैसर्गिक श्यानतेच्या हजारो पट. आता हे काम करणाऱ्याचं नाव शोधायचं होतं.

एक उमेदवार म्हणजे गुरुत्व लहरी. उकळत्या पट्ट्याच्या तळाशी त्या उठतात, आत जातात आणि विरतात तिथे आपला संवेग टाकतात. सूर्यासाठी त्या आशादायक आहेत. पण राक्षसी ताऱ्यात गाभ्याभोवतीचा थर इतका कडक होतो की बऱ्याचशा लहरी आत पोचण्याआधीच विरतात. एकट्या त्यांच्याने हे होईल असं मला वाटत नाही.

दुसरा उमेदवार चुंबकीय क्षेत्र, आणि माझं मत तिकडे झुकतं. थर वेगवेगळ्या वेगाने फिरले की चुंबकरेषा ताणल्या जाऊन गुंडाळल्या जातात, भोवऱ्यावर जाळी गुंडाळावी तशा. ताण वाढला की त्या थरांना मागे खेचतात, म्हणजे वेगवान थराचा संवेग सावकाश थराला देतात. गुंडाळलेलं क्षेत्र एका मर्यादेनंतर डळमळतं आणि त्यातून नवं क्षेत्र तयार होत राहतं, अशी यंत्रणा हेंक स्प्रूट यांनी २००२ मध्ये मांडली. टेलर-स्प्रूट डायनॅमो म्हणतात ती हीच. ती घातली की प्रतिरूपातले गाभे खूप मंदावतात, तरी मोजमापापेक्षा दहाएक पट वेगवान राहतात. २०१९ मध्ये फुलर, पिरो आणि जर्मिन यांनी या क्षेत्राची वाढ कुठे थांबते याचा हिशेब बदलला आणि आकडे बरेच जवळ आले. २०२३ मध्ये पॅरिसच्या एका गटाने संगणकावर हा डायनॅमो प्रत्यक्ष उभा राहताना दाखवला. आणि त्याच्या आदल्या वर्षी तीन राक्षसी ताऱ्यांच्या गाभ्यांत थेट चुंबकीय क्षेत्र सापडलं, ३० हजार गॉसच्या पुढचं. कसं सापडलं ते तुला आवडेल : त्या तीन रेघांतली मधली रेघ बरोबर मध्ये नव्हती. दोन्ही बाजूंची अंतरं असमान होती. ते क्षेत्र डायनॅमोचं की ताऱ्याच्या तरुणपणापासून गाडलं गेलेलं, हे तेवढ्यावरून ठरत नाही, आणि त्याचा वाहतुकीशी नेमका संबंध लावणं हे सध्याचं मोठं काम आहे.

माझी एक तक्रार मात्र आहे. दुरुस्त केलेलं सूत्र राक्षसी ताऱ्यांना जुळतं म्हणून लोक तेच सगळीकडे लावतात. त्यांच्या आधीच्या टप्प्यातल्या, नुकत्याच फुगायला लागलेल्या ताऱ्यांना ते तितकं नीट जुळत नाही. एकाच आकड्याने सगळे टप्पे एकदम साधत नाहीत, तोवर वाहक सापडला असं मी म्हणणार नाही.

आता वर आलेला संवेग. तोही ताऱ्यात साठून राहत नाही. सूर्य सौरवाऱ्यातून दर सेकंदाला दहा लाख टनांहून जास्त द्रव्य गमावतो. सूर्याच्या मानाने हे काहीच नाही, सबंध आयुष्यात जेमतेम दहा हजारांश भाग. पण हा वारा चुंबकरेषांना बांधलेला असतो आणि सूर्याच्या त्रिज्येच्या दहा-वीस पट अंतरापर्यंत सूर्याबरोबर फिरवला जातो, तिथे सुटतो. पंधरा पट अंतरावर सुटलेला प्रत्येक किलो पृष्ठभागावरून सुटलेल्यापेक्षा २२५ पट संवेग घेऊन जातो. ही कल्पना शात्झमान यांनी १९६२ मध्ये मांडली. पार्कर यान २०२१ च्या एप्रिलमध्ये सुमारे १९ त्रिज्यांवर ती सीमा ओलांडून आत गेलं, तेव्हा आपण तिला पहिल्यांदा हात लावला.

परिणाम आकाशात दिसतो, सिल्लारीला तो आपल्या डोक्यावरच होता. कृत्तिकेतले सूर्यासारखे तारे ११-१२ कोटी वर्षांचे, भराभर फिरणारे. रोहिणीशकट या गुच्छातले साधारण ६५ कोटींचे, मंदावलेले. (रोहिणी स्वतः त्या गुच्छातली नाही, ती आपल्या बरीच जवळ आहे.) सूर्य ४६० कोटींचा, आणखी मंद. १९७२ मध्ये स्कुमानिच यांनी या टप्प्यांवरून नियम काढला : वय चौपट झालं की वेग निम्मा. सूर्याच्या सुमारे १.३ पटीहून जड ताऱ्यांना बाहेर जाड उकळता पट्टा नसतो, त्यामुळे हा ब्रेक नाही. श्रवण म्हणूनच अजून भरधाव आहे.

इथे एक गोष्ट तुझ्या प्रश्नाला येऊन भिडते. एनजीसी ६८११ हा गुच्छ सुमारे १०० कोटी वर्षांचा, पुष्यातला गुच्छ त्याहून बराच तरुण. तरीही सूर्याहून हलके तारे दोन्हीकडे जवळपास सारख्याच वेगाने फिरताना सापडले. म्हणजे मधल्या काळात त्यांचं मंदावणं थांबलं होतं. वारा तर वाहतच होता. सर्वांत पटणारं स्पष्टीकरण असं की आतला वेगवान भाग त्या काळात आपला संवेग वर देत होता आणि वारा नेत होता तेवढी भरपाई होत होती. पृष्ठभागाच्या घड्याळावर गाभ्याचा हात दिसतो तो असा.

जड ताऱ्यांचं थोडक्यात. त्यांचा गाभा कोसळून न्यूट्रॉन तारा होतो. खेकडा अभ्रिकेतला सेकंदाला ३० फेऱ्या घेतो, हेही आपल्याला प्रचंड वाटतं. पण संवेग गाभ्यातच राहिला असता तर असे तारे जन्मताना याहून कितीतरी वेगाने फिरले असते. एकमेकांत विलीन होणारी कृष्णविवरंही बहुतेक मंद फिरणारी निघतात. तिथेही हाच वाहक असावा असा माझा कयास आहे.

शेवटी, तुला प्रकल्प करायचा आहे म्हणतेस तर असं कर. मेसा हा ताऱ्यांचा प्रोग्राम मोफत मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. सूर्याच्या दीड पट वस्तुमानाचा तारा घे, सुरुवातीला ताशी नव्हे, सेकंदाला ५० किलोमीटर पृष्ठवेग दे. या आकड्यात एकक चुकवलेले प्रकल्प मी बरेच तपासले आहेत. तो तीनदा चालव. पहिल्यांदा प्रारण क्षेत्रात कुठलीही वाहतूक न ठेवता. दुसऱ्यांदा टेलर-स्प्रूट चालू करून. तिसऱ्यांदा ती बंद करून, त्याऐवजी ३० हजारांची स्थिर श्यानता घालून. प्रत्येक वेळी एकच आलेख काढ : आडव्या अक्षावर ताऱ्याची त्रिज्या, उभ्यावर गाभ्याचा परिवलनकाळ. उभा अक्ष लॉगचा घे, नाहीतर पहिली रेघ कागदावर मावणार नाही.

आणि प्रतिरूपं चालवण्याआधी केप्लरच्या संग्रहातून केआयसी ८३६६२३९ चे आकडे उतरवून घे. चार वर्षांच्या आकड्यांत ०.००८ मायक्रोहर्ट्झपर्यंतचा फरक वेगळा दिसतो, म्हणजे तिहेरी रेघ वेगळी ओळखायला भरपूर जागा आहे. गाभ्याच्या रेघा अरुंद आणि उंच असतात, आवरणाच्या रुंद आणि बसक्या. आधी अरुंद शोध. पहिली तिहेरी सापडली की डाव्या आणि उजव्या बाजूचं अंतर वेगवेगळं मोजून वहीत लिही, आणि मंगळवारी संध्याकाळी वही घेऊन ये, आपण सोबत बसून पाहू.